उलटं अक्षर

फाटक उघडताना शांतवन कसबेनं विचारलं,
"आत तुमचं कोण हाय?"
कुणी नाही, म्हणालो. बघायला आलोय.
"दगडं?"
दगडं.
त्यानं वही पुढे केली. नाव, गाव, वेळ,
आणि शेवटचा रकाना: नातं.
तिथं मी रेघ ओढली.

एप्रिल. सकाळचे साडेआठ,
तरी काळा दगड हाताला चटका देणारा.
पिशवीत आलेखाचा कागद, पेन्सिल, पाण्याची बाटली
आणि चौकटीत बघायची सवय.
एकोणतीस वर्षं मी जकार्डची कार्डं पाडली:
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली.
चादरीवरचा एकेक मोर
आधी माझ्या हाताखालून भोकाभोकानं गेलाय.

पहिल्या ओळीत रेल्वेवाले.
एक इंजिन ड्रायव्हर, दुधनीच्या अलीकडे गेलेला.
मग पटकीची अख्खी रांग,
तारखा एकमेकींना चिकटून,
जून, जून, जून, जुलै.
मग मिशनच्या शाळेतल्या बाई. त्यांच्या दगडावर
जुन्या वळणाचं मराठी, "प्रभूमध्ये निजली",
आणि निजलीच्या ज-मध्ये
मुंगळ्यांचं घर.

बोटीनं आलेला एक पांढरा देवदूत आहे.
सगळे त्याचाच फोटो काढतात, शांतवन म्हणाला होता.
त्याचं नाक गेलंय. मला तो परका वाटला.

मी अडकलो वेड्या बाभळीच्या कडेला,
गुडघ्याएवढ्या एका दगडापाशी.
नमुना विलायतेचा असणार:
कापडानं अर्धा झाकलेला कलश, भोवती वेल.
पण कोरणारा इथला.
त्याच्या छिन्नीखाली कलशाचा तांब्या झाला,
वेलीची नागवेल, पानं अशी
की आत्ता खुडून चुना लावावा.
आणि त्या कापडाला, दगडातल्या त्या कापडाला,
त्यानं काठ घातलाय.
रुईफुली.
मोजली मी. अकरा फुलं, बारावं कोपऱ्यात दुमडलेलं.
बिनकाठाचं कापड
त्याच्या डोळ्यांना बघवलं नसेल.

खाली नाव. गिरणीच्या विणाई मास्तराची मुलगी,
हॅना. वय महिने अकरा.
एच, ए, एन, एन, ए, एच.
दोन्ही एन उलटे.

कागदावर कुणी लिहून दिलं असेल,
यानं नुसते आकार पाहिले.
आमचे नायना असेच.
बोलायचे तेलुगू, शिव्या कानडीत,
चाळीस वर्षं मागावर "शुभविवाह" विणलं
आणि श कुठला, भ कुठला
कधी ओळखला नाही.

मला तर वाचता येत होतं,
तरी पहिल्याच महिन्यात मी एका दुकानाचं नाव उलटं पाडलं.
साठ चादरी.
मालकानं पगार कापला, त्यातल्या चार माथी मारल्या.
एक अजून आहे घरी. विटली, विरली नाही.
पांघरून झोपलं की
बाहेरच्याला नाव उलटं
आणि आतल्याला
सुलट.

बसलो मग तिथंच, चटका सोसत.
ते नाव डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तेच.
नुसते ते दोन एन
तोंड आत करून उभे.
कागद लावून पेन्सिल फिरवायचं ठरवलं होतं,
पण फिरवली नाही.
बाटलीतलं पाणी ओतून काठ तेवढा धुतला.
दगड लगेच सुकला.

दूर गिरणीची चिमणी, धूर नसलेली.
कोरणाऱ्याचं नाव शोधलं. मागं पाहिलं, गवत उपटून बुडाशी पाहिलं.
नाही.

फाटकाशी शांतवन तंबाखू मळत होता.
"लई येळ लावला. घावलं का कुणी?"
मी वही मागितली.
नात्याच्या रकान्यात, रेघेच्या वर, दाटीवाटीनं लिहिलं:
एकाच धंद्यातले.

त्यानं बोट ठेवून वाचलं.
"कोण? ती पोर?"
नाही, म्हणालो.
तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला.
"हे चालतंय का नाय,
पाळकसायबांना इचारावं लागंल."